टेक्सासचं पिस्तूल पेनसिल्व्हेनियातल्या भावाला विकायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑस्टिनजवळ राहणारे एक वाचक नोकरीनिमित्त न्यू जर्सीला बिऱ्हाड हलवतायत. ते ग्रीन कार्डवर आहेत. त्यांच्याकडे एक ग्लॉक १९ पिस्तूल आणि हरणाच्या शिकारीसाठी घेतलेली एक रायफल आहे. पिस्तूल त्यांना पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मावसभावाला विकायचंय. तो अमेरिकन नागरिक आहे. गाडीनेच जायचं असल्यामुळे वाटेत त्याच्याकडे मुक्काम करायचा, पिस्तूल हातात द्यायचं आणि पुढे निघायचं, असा बेत आहे. रायफल ऑस्टिनमधल्याच एका मित्राला द्यायची, तो एच-१बीवर आहे. शिवाय दिवाळीत आई-बाबा भारतातून येतील तेव्हा त्यांना शूटिंग रेंजवर न्यायची इच्छा आहे. शेवटी त्यांनी लिहिलंय, "सगळा घरातलाच मामला आहे, टेक्सासमध्ये तर कुणी कागदही विचारत नाही. मग वकिलाला विचारायची खरंच गरज आहे का?"

गरज आहे, आणि विचारलंत ते फार बरं केलंत. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी या दोन्ही राज्यांत मी वकिली करते, आणि बंदुकीचे गुन्हे व इमिग्रेशन ही दोन कामं माझ्या टेबलावर अनेकदा एकाच फाइलमध्ये येतात. तुमच्या बेतातली एक गोष्ट पूर्ण बेकायदा आहे, दुसरी एका छोट्या कागदावर अवलंबून आहे, तिसरी करू नये अशी आहे. कायदा सरळ असूनही आपल्या लोकांच्या हातून नेमका इथेच गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पिस्तुलापासून सुरुवात करू. भावाच्या घरी ते त्याच्या हातात देणं हा केंद्रीय गुन्हा आहे. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमधल्या कलम ९२२ मध्ये दोन उपकलमं जोडीने येतात. एक देणाऱ्यासाठी: ज्याच्याकडे विक्रेत्याचा परवाना नाही त्याने दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या, तशाच बिनपरवान्याच्या माणसाला बंदूक विकायची नाही, बदल्यात द्यायची नाही, भेट द्यायची नाही, पोहोचवायचीही नाही. दुसरं घेणाऱ्यासाठी: परराज्यात मिळवलेली बंदूक आपल्या राज्यात आणायची नाही. म्हणजे एका व्यवहारात दोघेही अडकू शकतात. कमाल शिक्षा पाच वर्षं कैद.

यात नात्याला सूट नाही. मावसभाऊ सोडाच, सख्खा भाऊ किंवा बापलेक असले तरी राज्यं वेगळी म्हणजे नियम तोच. पैसे न घेता भेट दिली तरी तोच. आणि व्यवहार कुठे झाला यालाही महत्त्व नाही. पुष्कळांना वाटतं की भावाला विमानाने ऑस्टिनला बोलावलं आणि टेक्सासच्या जमिनीवर, टेक्सासच्या कायद्याप्रमाणे पिस्तूल दिलं की झालं. कायदा पिस्तूल कुठे हातात दिलं ते बघत नाही. देणारा कुठे राहतो आणि घेणारा कुठे राहतो एवढंच बघतो. तुम्ही एका राज्याचे, तो दुसऱ्या राज्याचा. मग भेट ऑस्टिनला होवो, पिट्सबर्गला होवो की मध्ये टेनेसीतल्या एखाद्या पेट्रोल पंपावर, फरक पडत नाही.

हा नियम इतका कडक का, हेही समजून घेण्यासारखं आहे. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींच्या हत्येत वापरलेली इटालियन रायफल डॅलसमधल्या ली हार्वी ऑस्वाल्डने खोट्या नावाने शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागवली होती. दुर्बीण आणि टपालखर्च धरून तिची किंमत पडली २१ डॉलर ४५ सेंट. त्यानंतर पाच वर्षं अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, चर्चा रेंगाळली. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन लूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या, आणि २२ ऑक्टोबर १९६८ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी या कायद्यावर सही केली. हेतू असा की प्रत्येक राज्याने आपापल्या मर्जीने कडक किंवा सैल कायदे करावेत, पण सैल राज्यातून कडक राज्यात चोरवाट राहू नये. त्यासाठी राज्याच्या हद्दीवर परवानाधारक दुकानदार उभा केला. इथे सगळे त्याला एफएफएल म्हणतात, मीही तेच म्हणते.

आपल्याकडून आलेल्या माणसाचा गोंधळ होतो तो वेगळ्याच कारणाने. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना माणसाला मिळतो आणि त्या परवान्यावर कुठलं शस्त्र ते नोंदलेलं असतं. म्हणजे कागद आधी, बंदूक नंतर. टेक्सासमध्ये आल्यावर दिसतं की परवाना नाही, नोंदणी नाही, गाडीच्या टायटलसारखं नाव बदलणंही नाही. दोघे टेक्सासवासी पार्किंग लॉटमध्ये भेटून रोख पैसे देऊन व्यवहार करतात, आणि दोघांनाही बंदूक बाळगायला बंदी नसेल तर तो कायदेशीर असतो. ते बघून मनात बसतं की अमेरिकेत बंदुकीला कागदच लागत नाही. ही मोकळीक टेक्सासची आहे, आणि तीही टेक्सासवासीयांनी आपसात केलेल्या व्यवहारापुरती.

आता कायदेशीर मार्ग. तो अवघड नाही, खर्चिकही नाही. बिनपरवान्याचा माणूस आपली बंदूक कुठल्याही राज्यातल्या एफएफएलला देऊ शकतो. बंदी आहे ती दुसऱ्या बिनपरवान्याच्या माणसाला देण्यावर. त्यामुळे भावाने त्याच्या गावातला एखादा दुकानदार आधी ठरवावा, बाहेरच्या राज्यातून येणारी खासगी विक्री तो करून देतो का आणि फी किती घेतो ते विचारावं. दुकानादुकानाप्रमाणे २५-३० डॉलरपासून १०० डॉलरपर्यंत फी असते. मग दोन पर्याय उरतात. तुम्ही ऑस्टिनमधल्या दुकानदाराकडे पिस्तूल द्या, तो ते भावाच्या दुकानदाराकडे पाठवेल. किंवा तुम्ही ते स्वतः गाडीतून त्या दुकानाच्या काउंटरवर नेऊन द्या. स्वतः पार्सल करण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. पिस्तूल टपालाने पाठवण्यावर १९२७ पासून केंद्रीय कायद्याने निर्बंध घातलेत, आणि मोठ्या खासगी कुरियर कंपन्या सध्या अशी पार्सलं परवानाधारकांकडूनच घेतात. बॉक्सवर 'मशीन पार्ट' लिहून पाठवलेल्या पार्सलाचं समर्थन कोर्टात करता येत नाही.

काउंटरवर काय होतं ते सांगते, म्हणजे भाऊ तयारीने जाईल. दुकानदार पिस्तुलाचा मेक, मॉडेल आणि सिरियल नंबर आपल्या वहीत चढवतो. मग भावासमोर फॉर्म ४४७३ ठेवतो. त्यात नाव, पत्ता, नागरिकत्व आणि मग हो-नाहीचे प्रश्न: गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, घरगुती हिंसाचाराची केस किंवा कोर्टाचा आदेश आहे का, अमली पदार्थ घेता का, वगैरे. गांजाच्या प्रश्नावर थांबा. न्यू जर्सीत तो दुकानात उघड मिळतो, अनेक राज्यांत मिळतो, पण फॉर्मवरच छापलंय की राज्याने परवानगी दिली असली तरी केंद्रीय कायद्याने तो बेकायदा आहे. नेहमी घेणारा माणूस तिथे 'नाही' लिहितो तेव्हा तो खोटं लिहीत असतो, आणि या फॉर्मवरच्या खोट्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे.

नावाच्या रकान्यात आपल्या लोकांचे तास जातात. फॉर्मला पूर्ण मधलं नाव हवं असतं, आद्याक्षर चालत नाही. आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, ते पासपोर्टवर एका तऱ्हेने, ड्रायव्हिंग लायसन्सवर दुसऱ्या तऱ्हेने, आणि नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर कधी गायबच. ज्यांच्या जुन्या कागदांवर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, पहिलं नाव अज्ञात) आलं होतं त्यांचे तर आणखी हाल. शिवाय लायसन्सवर आत्ताचा पत्ता पाहिजे. घर बदलून वर्ष झालं आणि लायसन्सवर जुनंच अपार्टमेंट असेल तर नव्या पत्त्याचा दुसरा सरकारी कागद बरोबर न्यावा. भावाला हे आठवडाभर आधीच तपासायला सांगा.

फॉर्म झाला की पार्श्वभूमी तपासणी. बहुतेक राज्यांत ती एफबीआयच्या एनआयसीएस यंत्रणेकडून होते, ती नोव्हेंबर १९९८ पासून चालू आहे. पेनसिल्व्हेनियात राज्य पोलिसांची स्वतःची पीआयसीएस यंत्रणा आहे, दुकानदार तिथे विचारणा करतो. बहुतेकांना काही मिनिटांत हिरवा कंदील मिळतो. काहींना 'थांबा' असं उत्तर येतं आणि काही दिवस जातात.

हे 'थांबा' किंवा 'नाही' आलं तर काय, याचा विचार विकणारा सहसा करत नाही. पिस्तूल एकदा दुकानदाराच्या वहीत चढलं की ते तुम्हाला तसंच परत उचलून देता येत नाही. परत घेताना तुम्हालाही फॉर्म आणि तपासणी लागते. त्यात तुम्ही परराज्यातले, आणि हातबंदूक (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) परराज्यातल्या माणसाच्या हातात देणं परवानाधारकालाही मना आहे. मग ते तुमच्या राज्यातल्या दुसऱ्या एफएफएलकडे पाठवावं लागतं. तुमच्या बाबतीत 'तुमचं राज्य' तोवर न्यू जर्सी झालेलं असेल, म्हणजे तिथल्या नियमांनी ते घ्यावं लागेल. म्हणून मी सांगेन, ऑस्टिन सोडण्याच्या बऱ्याच आधी टेक्सासच्या दुकानदारामार्फत पिस्तूल पाठवून द्या, भावाची तपासणी पूर्ण होऊ द्या, मगच सामान बांधा. काही बिनसलं तर परत घेण्यासाठी तुम्ही टेक्सासचे रहिवासी म्हणून अजून जागेवर असाल. गाडीतून नेण्याचा मार्ग कायदेशीर असला तरी मी त्याला दुसरा क्रमांक देते.

रायफल किंवा शॉटगन असती तर थोडी सवलत होती. तेव्हा भाऊ टेक्सासला येऊन टेक्सासच्याच दुकानदाराच्या काउंटरवर समोरासमोर ती घेऊ शकला असता, दोन्ही राज्यांचे कायदे पाळले गेले तर. हातबंदुकीला ही सवलत नाही. ती घेणाऱ्याच्या राज्यातल्या दुकानदाराकडेच जायला हवी.

समजा तुम्ही दोघेही पेनसिल्व्हेनियात राहत असता, तरी मावसभावाला हातोहात पिस्तूल देता आलं नसतं. तिथे हातबंदुकीचा खासगी व्यवहार दुकानदारासमोर किंवा शेरिफच्या कार्यालयातच होतो. सूट आहे ती नवरा-बायको, आईवडील-मुलं आणि आजीआजोबा-नातवंडं एवढ्यांनाच. भावंडंही त्यात नाहीत. दुकानदारातून व्यवहार केला की या राज्य कायद्याचंही पालन आपोआप होतं.

राज्याबाहेरच्या व्यवहाराला अपवाद जवळपास दोनच. मृत्युपत्राने किंवा वारशाने मिळालेली बंदूक, आणि शिकारीसारख्या कायदेशीर खेळासाठी तात्पुरती उसनी दिलेली. वारशाचा मुद्दा आता आपल्या समाजात येऊ लागलाय. साठ-सत्तरच्या दशकात आलेली पिढी जातेय आणि कुणाच्या सासऱ्यांच्या कपाटात शिकारीची जुनी बंदूक सापडते. तेव्हा इस्टेटीचा कारभार बघणारा माणूस दुसऱ्या राज्यातल्या वारसाला ती देऊ शकतो, मात्र त्या वारसाला त्याच्या राज्यात ती बाळगता आली पाहिजे. जिवंतपणी दिलेली भेट यात बसत नाही, हे विसरू नका.

तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, त्याने मी सावध झाले. भाऊ म्हणाला, "टेक्सासमध्ये स्वस्त मिळतं, माझ्यासाठी आणखी एक नवं घेऊन ये, पैसे झेलने पाठवतो." (झेल म्हणजे बँकेतून बँकेत पैसे पाठवायची सोय.) हे करू नका. अगदी असंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आहे: अब्रॅम्स्की विरुद्ध अमेरिका, निकाल जून २०१४. व्हर्जिनियातला एक माजी पोलीस आपल्या पेनसिल्व्हेनियातल्या काकांसाठी ग्लॉक १९ घ्यायला निघाला, कारण त्याला पोलीस म्हणून सवलत मिळायची. काकांनी ४०० डॉलरचा चेक पाठवला आणि मेमोच्या ओळीत 'ग्लॉक १९ हँडगन' असं लिहिलं. पुतण्याने दुकानात फॉर्मवर आपणच खरे खरेदीदार आहोत असं लिहिलं. पुढे त्याने पेनसिल्व्हेनियातल्या एफएफएलमार्फत, काकांची तपासणी करून, पिस्तूल रीतसर सोपवलं. काका आणि पुतण्या दोघांनाही बंदूक बाळगायला कायद्याने काही अडचण नव्हती. तरी पाच विरुद्ध चार मतांनी दोषसिद्धी कायम राहिली, कारण दुकानदाराला सांगितलेली गोष्ट खोटी होती. राज्य ओलांडण्याचा भाग त्याने बरोबर केला होता, चूक पहिल्या काउंटरवरच झाली होती. आजच्या फॉर्मवर तो प्रश्न २१-ए आहे. भावाचे पैसे तुमच्या खात्यात आले आणि तुम्ही 'हो, मीच खरेदीदार' लिहिलंत, तर त्या चेकच्या मेमोची जागा झेलच्या नोंदीने घेतली एवढंच. स्वतःच्या पैशाने खरोखर भेट म्हणून घेतलेली बंदूक हा वेगळा प्रकार, ती चालते. पण परराज्यात द्यायची तर पुन्हा एफएफएलमार्फतच. बंदी असलेल्या माणसासाठी अशी खरेदी केली तर २०२२ च्या कायद्याने पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आहे.

आता रायफल. मित्र आणि तुम्ही दोघे टेक्सासचे, म्हणजे हद्दीचा प्रश्न नाही आणि दुकानदाराची सक्ती नाही. प्रश्न त्याच्या व्हिसाचा आहे. १९९८ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला बंदी आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ सगळे यात आले. आणि तो अशा व्हिसावर आहे हे माहीत असून त्याला बंदूक देणं हा देणाऱ्याचाही गुन्हा आहे, २०२२ पासून कमाल पंधरा वर्षं. त्याचा व्हिसा तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही पत्रातही लिहिलाय.

अपवाद एक, आणि तो खरा आहे: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू हंटिंग लायसन्स असला की ही बंदी उठते. टेक्सासमध्ये तो पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं देतं. मित्राकडे असेल तर व्यवहाराच्या दिवशी त्याची प्रत घ्या आणि तारीख बघा. टेक्सासचा वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतो. मित्राने नवा घेतला नाही तर १ सप्टेंबरच्या सकाळी, रायफल कपाटातून बाहेरही न काढता, तो गुन्हेगार ठरतो, कारण गुन्हा खरेदीचा नाही, बाळगण्याचा आहे. हे बहुतेक एच-१बीवाल्यांना माहीतच नसतं. शिकारीचा हंगाम संपला, लायसन्स विसरला, बंदूक घरात. ग्रीन कार्डचा अर्ज टाकलाय, आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर झालाय, ईएडी (काम करण्याचा परवाना) हातात आहे, म्हणून कुणी स्वतःला सूट देऊ नये. कार्ड हातात येईपर्यंत बंदी आहे असंच धरून चालावं. आपल्या रांगा किती लांब आहेत ते तुम्हाला सांगायला नको.

मित्राकडे लायसन्स नसेल तर रायफल दुकानात विका. किंमत थोडी कमी येईल.

दोन्ही बंदुकींचं विक्रीपत्र करा. टेक्सासमध्ये सक्ती नाही, तरी करा: तारीख, सिरियल नंबर, दोघांची नावं, दोघांच्या ड्रायव्हिंग लायसन्सची नोंद, घेणाऱ्याने आपण बाळगायला पात्र असल्याचं लिहून दिलेलं एक वाक्य आणि सह्या. कारण असं, की अमेरिकेत केंद्रीय नोंदणी नाही, १९८६ च्या कायद्याने ती करायलाच मनाई आहे. एखादी बंदूक गुन्ह्यात सापडली की बंदुकांचे कायदे राबवणाऱ्या एटीएफ या केंद्रीय खात्याचं वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गचं केंद्र कारखान्यापासून शोध सुरू करतं: कारखाना, घाऊक व्यापारी, दुकान, आणि दुकानातल्या फॉर्मवरचं नाव. ते नाव तुमचं आहे. पुढे ती कुणाकडे गेली हे सांगणारा कागद फक्त तुमच्या घरात असू शकतो. मी तो पीडीएफ करून ईमेलमध्येही ठेवायला सांगते.

आता ज्यासाठी मी हे सगळं इतक्या पोटतिडकीने लिहितेय तो भाग. नागरिकाच्या बाबतीत शिक्षा भोगून प्रकरण संपू शकतं. ग्रीन कार्डवाल्याच्या बाबतीत नाही. इमिग्रेशन कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे: बंदूक विकणं, विकत घेणं, बाळगणं, नेणं, यांपैकी काहीही कुठल्याही कायद्याचं उल्लंघन करून केल्याबद्दल दोषी ठरलं, तर तो माणूस हद्दपारीस पात्र होतो. किती वर्षं इथे आहे, मुलं इथे जन्मली का, तुरुंगात गेला की नुसता दंड झाला, हे त्या तरतुदीला विचारायचं नसतं. राज्याच्या कोर्टात 'छोटा गुन्हा कबूल करा, प्रोबेशनवर सुटाल' असा सौदा मिळतो, सरकारी वकिलालाही तो उदारच वाटत असतो, आणि त्या कबुलीने आमच्या टेबलावर दुसरी, फार मोठी केस उघडते. बेकायदा शस्त्रव्यापार ठरला तर तो 'ॲग्रॅव्हेटेड फेलनी', म्हणजे इमिग्रेशन कायद्यातला सर्वांत गंभीर गुन्ह्यांचा वर्ग, मग माफीचे बहुतेक दरवाजे बंद. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या पडिला निकालाने फौजदारी वकिलावर हद्दपारीच्या धोक्याची कल्पना देण्याची जबाबदारी टाकली आहे, पण त्याला तुमचं स्टेटस कळलं तर तो देईल. अशी वेळ आलीच तर पहिलं वाक्य 'मी ग्रीन कार्डवर आहे' हे असू द्या, आणि वकील भेटेपर्यंत पोलिसांना स्पष्टीकरणं देऊ नका.

"मला नियम माहीत नव्हता" हा बचाव परराज्यातल्या माणसाला बंदूक देण्याच्या कलमात अगदीच पोकळ नाही. सरकारला सिद्ध करावं लागतं की आपण बेकायदा काही करतोय याची जाणीव तुम्हाला होती. पण ही जाणीव सिद्ध होते कुठून? व्हॉट्सॲपवरून. 'कुणाला बोलू नको', 'पार्किंगमध्ये भेटू, दुकानात नको', असे मेसेज मी सरकारी पुराव्याच्या बंडलात मराठीतून इंग्रजीत भाषांतर होऊन आलेले वाचले आहेत.

न्यू जर्सीबद्दल थोडं, कारण तुम्ही तिथे राहायला जाणार आहात आणि कदाचित मन बदलून पिस्तूल ठेवून घ्याल. २०२२ पासून नव्याने राहायला येणाऱ्याने बाहेरून आणलेल्या बंदुकांची नोंदणी ६० दिवसांत करायची आणि फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड घ्यायचं. अर्ज स्थानिक पोलिसांकडे, बोटांचे ठसे, ओळखीची माणसं, प्रशिक्षण. ग्लॉक १९ चं कारखान्यातून येणारं मॅगझीन १५ गोळ्यांचं असतं. न्यू जर्सीने मर्यादा २०१८ मध्ये १५ वरून १० वर आणली. म्हणजे टेक्सासच्या दुकानात बॉक्समध्ये मिळालेली वस्तू बाळगणं हाच तिथे गुन्हा. ती टेक्सासमध्येच विका. पुढे तिथून कुणाला पिस्तूल विकायचं म्हटलं तर जवळचं कुटुंब वगळता दुकानदार लागतोच, आणि घेणाऱ्याकडे त्या एकाच पिस्तुलासाठी काढलेलं खरेदीचं परमिट लागतं.

जर्सी किती कडक आहे याचं एक उदाहरण आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक एकटी आई गाडीने पूल ओलांडून न्यू जर्सीत आली. तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा बंदूक बाळगण्याचा परवाना होता. रहदारीच्या पोलिसाने थांबवल्यावर तिने आपणहून, प्रामाणिकपणे, पर्समध्ये पिस्तूल असल्याचं सांगितलं. तिला अटक झाली. त्या राज्यात अशा गुन्ह्याला सक्तीची किमान साडेतीन वर्षांची कैद आहे आणि न्यायाधीशाच्या हातात फारसं काही नसतं. बराच गदारोळ झाल्यावर तिची सुटका झाली आणि २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. सगळ्यांसाठी गव्हर्नर धावून येत नाही.

म्हणून गाडीतून बंदूक न्यावीच लागली तर: पूर्ण रिकामी, कुलूपबंद पेटीत, पेटी ट्रंकमध्ये, गोळ्या वेगळ्या. ट्रंक नसलेल्या एसयूव्हीत कुलपाची पेटी मागच्या टोकाला. ग्लव्ह कंपार्टमेंट आणि मधला कन्सोल कुलूप असलं तरी चालत नाहीत, हे १९८६ च्या कायद्यातच लिहिलं आहे. त्या कायद्याचं संरक्षण मिळायला निघतो ते आणि पोहोचतो ते अशा दोन्ही ठिकाणी ती बंदूक बाळगणं तुम्हाला कायदेशीर हवं. तुम्ही आय-८१ महामार्गाने वर येणार. तो रस्ता व्हर्जिनियातून वेस्ट व्हर्जिनियात आणि मग हेगर्सटाउनजवळ मेरिलँडमध्ये शिरतो, आणि जेमतेम १२ मैलांत पेनसिल्व्हेनिया लागतं. १२ मैल आहेत, पण मेरिलँड हातबंदुकीच्या वाहतुकीबाबत कडक आहे. हॉटेलचा मुक्काम त्या टापूत ठेवू नका. पेट्रोल व्हर्जिनियातच भरून घ्या.

आई-बाबांना रेंजवर नेण्याबद्दल. ते बी-२ या पर्यटक व्हिसावर येणार, म्हणजे बंदी त्यांनाही लागू. भाड्याची बंदूक पाच मिनिटं हातात धरणं हेसुद्धा बाळगणंच आहे. फ्लोरिडातल्या एका विद्यार्थ्याची केस २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली, तिची सुरुवात रेंजवर भाड्याच्या बंदुका चालवण्यापासूनच झाली होती. कॉलेजने काढल्यावर त्याचं स्टेटस गेलं होतं. त्या निकालाने सरकारवर जास्त पुरावा आणण्याची जबाबदारी टाकली खरी, पण तोवर त्याची शिक्षा भोगून झालेली होती. आई-बाबांना काचेमागे उभं राहून बघायला हरकत नाही. नेम धरायला मात्र देऊ नका, आणि रेंजच्या कागदावर त्यांच्याकडून 'मला बंदी नाही' अशी सही तर अजिबात घेऊ नका. घरात तोवर बंदूक असलीच तर तिजोरीचा आकडा त्यांना सांगू नका. ते सहा महिने राहणार, तुम्ही ऑफिसला जाणार, आणि ज्याला उघडता येतं त्याच्या ताब्यात बंदूक आहे असं सरकारी वकील म्हणू शकतो.